दार चौथ्या गजात

आमच्या मागच्या गल्लीतल्या गिरज्यात लग्न असलं की मी बोलावणं नसलं तरी जातो. जेवायला नव्हे, मी काय खातो यावर घरात सक्त पहारा आहे आणि बाहेरही त्याचे हेर आहेत. मी जातो ते दार बघायला. त्या गिरज्याचं दार इतकं अरुंद आहे की नवरा-नवरी हातात हात घालून बाहेर पडूच शकत नाहीत. एकाने आधी यायचं, दुसऱ्याने मागून. आणि जो आधी बाहेर पडेल त्याचं घरात चालणार, अशी त्या मंडळीची पक्की समजूत आहे. पाळकांचा आशीर्वाद संपला की नवरीच्या मावश्या बाहेरून खुणा करायला लागतात आणि नवऱ्याचे दोस्त त्याला आतून ढकलायला लागतात. मी पाहिलेल्या लग्नांत बहुतेक वेळा नवरीच जिंकली आहे, कारण नवऱ्याचं लक्ष फोटोवाल्याकडे असतं.

फोटोवाल्याचं दुःख वेगळंच. दारात उभं राहून आत बघितलं तर वेदीवरचा क्रूस समोर दिसत नाही. तो चांगला दीड-दोन हात डावीकडे सरकलेला दिसतो. क्रूस आहे तिथे बरोबर आहे, दारच मधोमध नाही. नवीन आलेला फोटोवाला आधी आपला कॅमेरा हलवतो, मग नवरा-नवरीला हलवतो आणि शेवटी हात टेकतो. मग आतून एक म्हातारा आवाज येतो, "अरं, सत्तर वरसं बगायले मी. न्हाई येत ते मधी."

तो आवाज अक्काचा. अक्का म्हणजे या गिरज्याची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी आणि किल्ली कमरेला लावून फिरणारी बाई. गिरज्याच्याच आवारातल्या एका खोलीत ती जन्मली, आणि लग्नानंतरची थोडी वर्षं सोडली तर तिथेच राहिली. मंडळीतले निम्मे लोक तिच्या हाताखाली प्रार्थना शिकले आहेत, त्यामुळे पाळक सोडून सगळ्यांना ती अरेतुरे करते. हातात कायम एक काळी, चौकोनी काठी. बिदरच्या जुन्या शहरात माकडं आणि मोकाट शेळ्या यांना कुठलाही धर्म वर्ज्य नाही. गिरज्याच्या आवारात त्यांचा राबता मोठा, आणि ती काठी त्यांच्यासाठी. काठीवर एका बाजूने खाचा होत्या. मला बरीच वर्षं वाटायचं, हाकललेल्या शेळ्यांची ती नोंद ठेवते.

आता माझ्याबद्दल. आमचं घराणं मूळचं बसवकल्याणचं, कापडाच्या दुकानातलं. घरात मराठी आणि कन्नड सारखीच बोलली जायची. गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाच्या भाषेत आणि भांडण मराठीत, असा नियम होता. मी दुकानात बसलो नाही. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. शाळा, पाण्याच्या टाक्या, पूल, काय म्हणाल ते माझ्या हाताखालून गेलं. उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांपासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची नावं येतात. नकाशा काढणाऱ्याची तेवढी कोपऱ्यातल्या चौकटीत सही असते, आणि ती चौकट नेमकी घडीखाली येते. हे मी चिडून सांगत नाही. बरं, थोडं चिडूनच सांगतो.

तर निवृत्त झाल्यावर एके दिवशी गिरज्याचे पाळक आमच्या दारात आले. तरुण माणूस, हसतमुख, पंचविशीतल्या पोरासारखा दिसणारा. त्यांच्या गिरज्याचं माळवद गळायला लागलं होतं. दुरुस्ती करायची तर नकाशा लागतो, आणि नकाशा नव्हता. शिवाय दुरुस्तीनंतर दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवायची होती, तिच्यावर गिरज्याचा थोडक्यात इतिहास हवा होता. मी मागच्या घरात राहतो, मला मोजमाप कळतं आणि मी पैसे मागत नाही, ही माझी तिहेरी पात्रता त्यांना कुणीतरी सांगितली होती. मी आढेवेढे घेतले. मग ते म्हणाले, "पाटीच्या शेवटी 'नकाशा आणि इतिहास' असं लिहून तुमचं नाव घालू."

मी चहा ठेवायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी टेप आणि वही घेऊन मी कामाला लागलो. सरकारी कागदात त्या वास्तूला चॅपेल म्हणतात, रिक्षावाले गिरजा म्हणतात आणि अक्का देऊळ म्हणते. तशी ती लहानच आहे. बिदरच्या लाल जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं माळवद, आत दोन ओळींत सागवानी खांब. खांबांच्या डोक्यावर कमळं कोरलेली. भिंतींत दिव्यांसाठी कोनाडे, आमच्या गावाकडच्या घरांत असतात तसेच. खिडक्यांना टोकदार कमानी. बाहेरून येणारे शिकलेले पाहुणे त्या कमानी बघून युरोपातल्या कसल्या कसल्या शैलींची नावं घेतात. मी त्यांना काही बोलत नाही. पण गल्लीच्या तोंडाशी जी जुनी वेस आहे आणि तिच्यापलीकडे जे पडके मकबरे आहेत, त्यांच्या कमानी बघा. बिदरच्या गवंड्याला कमान म्हटली की हीच कमान येते, मग आत नमाज होवो की उपासना. घंटेला मनोरा नाही, ती कडुनिंबाच्या फांदीला टांगली आहे.

हे सगळं छान होतं. माझं डोकं फिरवलं ते मापांनी. दर्शनी भिंत पंचवीस फूट दीड इंच. लांबी एक्केचाळीस फूट साडेदहा इंच. भिंतीची उंची तेरा फूट साडेअकरा इंच. दार दोन फूट साडेनऊ इंच. एकही माप धड नाही, प्रत्येकाला अर्ध्या इंचाचं शेपूट. आयुष्यभर मी ठेकेदारांशी अर्ध्या इंचावरून भांडलो, आणि इथे सगळी इमारतच अर्ध्या इंचांची. वर ते मधोमध नसलेलं दार. मी वहीत 'बांधणी ढिसाळ' असा शेरा मारला आणि खाली रेघ ओढली.

अक्का पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. ती मला इंजिनेर म्हणते. मी इंजिनियर नाही हे मी तिला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

"इंजिनेर, कामून तोंड वाकडं करायलास?"

"अक्का, बांधणारा शुद्धीवर नव्हता. एकसुद्धा माप बरोबर येत नाही."

"माज्या आज्यानं बांदलंय," ती म्हणाली. "त्यो दारू पीत नव्हता."

मला हे नवीन होतं. मंडळीत सगळे सांगायचे की परदेशातून एक साहेब आला, त्याने विलायतेहून नकाशा आणला आणि त्याबरहुकूम हे चॅपेल उभं केलं. अक्काची हकिगत वेगळी होती. साहेब आला हे खरं. नकाशा आणला हेही खरं. पण पायाभरणीच्या आदल्या दिवशी साहेबाला ताप भरला आणि त्याला हैदराबादला हलवलं. जाताना त्याने नकाशाची गुंडाळी अक्काच्या आज्याच्या हातात दिली आणि काम थांबवू नकोस म्हणून सांगितलं. आज्या होता गवंडी. त्याने गुंडाळी दगडांच्या ढिगावर ठेवली आणि तो जेवायला बसला.

"मग?"

"मंग काय? शेळीनं खाल्ला."

मी वही मिटली.

"व्हय. समदा खाल्ला. उगं दोरी तेवडी ऱ्हायली," अक्का म्हणाली. "साहेब तीन म्हयन्यानं आला तवर भिंती छातीला आल्यात्या. आज्या म्हनायचा, साहेब लई भला मानूस, लई येळ उगं उबाच ऱ्हायला. मंग म्हनला, बांद."

पुढची हकिगत अशी की काम पूर्ण झाल्यावर साहेबाने आज्याला बाप्तिस्म्याबद्दल विचारलं. आज्या म्हणाला, आधी दोन पावसाळे माळवद टिकतंय का बघू. माळवद टिकलं. तिसऱ्या वर्षी आज्याने बायकापोरांसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्याला आवारातली खोली राहायला मिळाली. तीच ही खोली.

एवढं सांगून अक्काने माझ्याकडे रोखून बघितलं. ती हे उगीच सांगत नव्हती. "त्या पाटीवर आज्याचं नाव घाल," ती म्हणाली. "म्या मेल्यावर कुनाला ठाव ऱ्हानार? पोरगं पुन्याला, त्येची लेकरं तर हितं आलीच न्हाईत. पाटीवर ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

घालायला माझी हरकत नव्हती. पण पाटीचा मजकूर पंचकमिटी ठरवणार होती.

रविवारी उपासना झाल्यावर कमिटी बसली. आम्ही सगळे सतरंजीवर. त्या गिरज्यात बाकं नाहीत आणि चपला बाहेर काढायच्या असतात. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, फार काटेकोर, बोलताना समोरच्याच्या शर्टाची बटणं मोजल्यासारखे बघणारे. अक्का दाराजवळ काठी आडवी धरून बसली होती. मी तिची हकिगत सांगितली. शेळीपर्यंत आलो तसे लोक गालातल्या गालात हसायला लागले.

सेक्रेटरी हसले नाहीत. "अक्काच्या वयाचा मान आहे," ते म्हणाले, "पण पाटी दगडाची आहे, सर. ऐकीव गोष्ट दगडावर कशी घालायची? पुरावा म्हणून काय दाखवायचं? शेळी?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळे हसत होते, आणि चार माणसं हसत असली की मला पाचव्याला हसवल्याशिवाय राहवत नाही. शिवाय ती अर्ध्या इंचांची शेपटं माझ्या डोक्यात होती. मी म्हणालो, "असं करू. नकाशा साहेबाचा, चुका गवंड्याच्या, आणि शेळीचंही नाव घालू. तिने तर सगळा अभ्यास केला होता."

हशा पिकला. पाळकही हसले, मग त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि ते थांबले. अक्का उठली. तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राहिलेली मापं घ्यायला गेलो तर गिरज्याला कुलूप. खोलीच्या दारात अक्का तांदूळ निवडत होती. किल्ली मागितली तर मान वर न करता म्हणाली, "साब, तुमी मोठी मानसं. रैवारी उगडतंय देऊळ, तवा या."

साब आणि तुमी. तिने मला उभ्याउभ्या परकं करून टाकलं. मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, अर्थात माझी बाजू जरा उजळ करून. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही पंचाहत्तरीच्या बाईच्या आजोबाला सगळ्यांसमोर वेड्यात काढलंत," ती म्हणाली.

"मी विनोद केला."

"तेच म्हणते मी. तुमच्या बाबतीत ते एकच असतं."

मला वाईट वाटत होतं, ते तिने असं उघडं केल्यावर आणखी वाटलं. चार दिवस मी मागच्या खिडकीतून त्या लाल भिंतीकडे बघायचं टाळलं. आमच्या परसात उभं राहून ते टाळणं अवघड आहे, कारण तिथून दुसरं काहीच दिसत नाही. पाचव्या दिवशी बायकोने डब्यात शेंगाच्या पोळ्या भरून दिल्या आणि म्हणाली, जा.

मी आवारात शिरलो तेव्हा अक्का एका शेळीशी झुंजत होती. पांढऱ्या कानांची ती शेळी पाळकांच्या जास्वंदीला लागली होती आणि काठीच्या टप्प्याबाहेर राहण्याचं गणित तिला बरोबर जमलं होतं. अक्काने शेवटी वैतागून काठी फेकली. शेळी बाजूला झाली. काठी घरंगळत माझ्या पायाशी आली.

मी ती उचलली. इतकी वर्षं बघत होतो, पण हातात पहिल्यांदाच घेतली. चांगली जड, शिसवी. दोन्ही टोकांना पितळेची टोपणं, झिजून गुळगुळीत झालेली. आणि एका कडेने त्या खाचा. मधोमध एक खोल खाच, दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये जरा कमी खोल, आणि बाकी बारीक बारीक, सारख्या अंतरावर. मी अंगठा फिरवत मोजायला लागलो. मोजायची गरज नव्हती. आमच्या बसवकल्याणच्या दुकानात आजोबांच्या गादीजवळ लोखंडी गज असायचा, त्याच्यावर अशाच खुणा होत्या. एका गजाचे चोवीस तसू. हे पाढ्यांच्या आधी शिकलो होतो मी.

"अक्का, ही काठी कुणाची?"

"आज्याची. म्हनायचा, जाळू नका, तोडू नका. कामून ते सांगितलं न्हाई." मग तिला आठवलं की ती माझ्याशी बोलत नाही. "द्या हिकडं."

मी दिली नाही. खिशातून टेप काढला आणि काठीला लावला. साडेतेहतीस इंच. मी पुन्हा लावला. साडेतेहतीस.

मी ज्या चार-दोन जुन्या इमारती मोजल्या होत्या, त्यांचे गज तेहतीस इंचाचे निघाले होते. हा अर्धा इंच जास्त होता. आज्याने तो बाजारातून आणला नसणार, स्वतःच्या हाताच्या मापाने बनवला असणार. छातीच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि तो अर्धा इंच! माझ्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. मी डबा तिच्या हातात दिला आणि दर्शनी भिंतीकडे जवळजवळ पळत गेलो.

"अक्का, या. मोजू लागा."

"काय मोजू?"

"मी काठी ठेवीन, तुम्ही आकडा म्हणा."

काय खूळ आहे ते बघायला ती आली असावी. उजव्या कोपऱ्यापासून मी गज भिंतीला लावत गेलो, टोकाशी खडूची रेघ मारत गेलो, आणि ती म्हणत गेली. एक. दोन. तीन. चौथा गज दाराच्या एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत असा बसला की मला हातातला खडू खाली ठेवावा लागला. मग पुढे पाच, सहा, सात, आठ. नववा गज डाव्या कोपऱ्याच्या दगडाला टेकला. मध्ये नखाएवढी फट राहिली नाही.

भिंत नऊ गज, दार चौथ्या गजात.

आमच्या भागात कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा, तो घराचं दार मधोमध ठेवणार नाही. भिंतीचे नऊ भाग करायचे आणि चौथ्यासारख्या शुभ भागात दार ठेवायचं, ही रीत आहे. आज्याने आयुष्यभर लोकांची घरं अशीच बांधली असणार. हातातला नकाशा शेळीच्या पोटात गेलेला, साहेब तापाने पडलेला, आणि बांधायचं काय, तर देवाचं घर. मग देवाच्या घराला त्याने शुभ दार दिलं. जगातल्या कुठल्याही साहेबाच्या नकाशात चॅपेलचं दार चौथ्या भागात नसेल. तो नकाशा वापरलाच गेला नव्हता. शेळी खरी होती.

मी हे अक्काला सांगितलं. ती भिंतीवरच्या खडूच्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किल्ली घे. आतलं बी मोजू."

आम्ही संध्याकाळपर्यंत मोजत होतो. लांबी पंधरा गज. उंची पाच गज. त्यासाठी मी शिडीवर चढलो आणि अक्का खालून माझ्या वयाची आठवण करून देत होती. खांबांमधलं अंतर, खिडक्या, कोनाडे, सगळं गजात किंवा तसूत पुरं. कुठे शेपूट नाही. मी वही काढली, 'बांधणी ढिसाळ' खोडलं आणि तिची माफी मागितली. तोंड भरून मागितली, कारण मला लाज वाटत होती. ती म्हणाली, "पोळी गोड झालीया. बायकूला सांग."

पुढच्या रविवारी कमिटी पुन्हा बसली. मी सेक्रेटरींना बाहेर नेलं, गज त्यांच्याच हातात दिला आणि त्यांनाच मोजायला लावलं. त्यांनी दोनदा मोजलं. माणूस काटेकोर, पण सचोटीचा. नऊ आकडा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गज दुसऱ्याही कुणाचा असू शकतो," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"दुसऱ्या कुणाचा असता तर तेहतीसचा असता. मग कोपऱ्यापर्यंत पोचायला साडेचार इंच कमी पडले असते."

"आणि दार?"

पाळक मध्येच म्हणाले, "सर, दार तर शेळीची साक्ष आहे." यावेळी सगळे हसले आणि अक्कासुद्धा हसली.

सेक्रेटरी मात्र अजून अडचणीत होते. आत येऊन त्यांनी पाटीचा कागद उलगडला. मजकूर बसवून झाला होता, मापाचा, ओळ न् ओळ मोजून. वरचं वचन काढता येत नव्हतं. साहेबाचं नाव काढायचं म्हणाल तर अक्काच नको म्हणाली. साहेबाने मोडतोड न करता बांधू दिलं, तो राहू दे. पाळकांच्या नावांची यादी होती, ती काढणं शक्यच नव्हतं. सगळ्यांत खाली एक ओळ होती. 'नकाशा आणि इतिहास', आणि पुढे माझं नाव.

सेक्रेटरींनी कागद माझ्याकडे सरकवला आणि ते खिडकीकडे बघायला लागले.

मी मोठा उदार माणूस आहे असं कुणाला वाटायला नको. मी त्या ओळीकडे चांगला वेळ बघत बसलो. अक्षरं छान काढली होती. कोपऱ्यातल्या चौकटीत नाही, घडीखाली नाही, पांढऱ्या दगडावर. पाटी जरा मोठी करता येईल का, अक्षरं बारीक करता येतील का, असं दोन्ही विचारून झालं. दगड कापून आला होता. मग मी सेक्रेटरींच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि माझी ओळ स्वतःच खोडली. वर लिहिलं, 'बांधणारा गवंडी', आणि अक्काला आज्याचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. बापाच्या नावासकट आणि गावासकट सांगितलं. इतकी वर्षं ते कुणीतरी विचारावं म्हणून तयार ठेवल्यासारखं.

माळवद दुरुस्त झालं आणि पाटी बसली. अनावरणाला गर्दी झाली. उदबत्ती आणि फुलं नकोत म्हणून आधी सांगितलेलं असूनही शेजारच्या गल्लीतून दोन हार आलेच. सगळे जेवायला गेल्यावर अक्का पाटीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. लेकरांना शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना तिला तोंडपाठ होत्या, एवढंच.

"आज्याचं कुटं हाय?"

मी सगळ्यात खालची ओळ दाखवली. तिने गजाचं पितळी टोक अक्षरांखाली धरलं आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. "अजून एकदा वाच." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, तेव्हा तिने काठी खाली घेतली. डोळ्यांना पदर लावला. मग ओळ संपते तिथे, जिथे दगड संपत होता, तिथे तिने बोट टेकवलं.

"अन् तुजं? पाळकसाहेब म्हनले व्हते, खाली तुजं नाव हाय म्हनून."

"जागा नव्हती, अक्का."

ती पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. कोपऱ्यातून ती पांढऱ्या कानांची पुन्हा जास्वंदीकडे सरकत होती आणि अक्काला ती दिसली होती, पण काठी उचलली नाही.

"म्हंजे शेळी बी ऱ्हायली," ती म्हणाली, "अन् तू बी ऱ्हायलास."